रा. रा. ‘8के’ बॉक्सवाले यांस अनावृत पत्र

रा. रा. निनावी बॉक्सवाले यांस,

टीव्हीला जोडायच्या आपल्या अँड्रॉइड बॉक्सवरचा ‘8के अल्ट्रा एचडी’ हा सोनेरी स्टिकर वाखाणण्याजोगा आहे. बाकी काही वाखाणावं असं सापडत नाही. नेटफ्लिक्सचं चित्र किती स्वच्छ दिसणार, हे स्टिकर ठरवत नाही, नुसता टीव्ही किंवा इंटरनेटचा वेगही नाही. चोरी रोखणारं ‘वाइडवाइन’ नावाचं कुलूप ते ठरवतं. बॉक्सला त्याची एल1 ही वरची पातळी आणि नेटफ्लिक्सची मान्यता असेल, तरच एचडी मिळतं. आपल्याकडे बहुधा खालची एल3 असते, म्हणजे भल्यामोठ्या पडद्यावर 480 रेघांचा धुरकट कारभार. त्यात अ‍ॅप मोबाइलचं! आजोबांनी रिमोटवरचं माऊसचं बटण दाबायचं आणि बाण ढकलत ढकलत ‘प्ले’पर्यंत न्यायचा. तोवर आजींना झोप लागलेली असते.

आपण म्हणाल, स्वस्त आहे आणि सगळे चॅनेल फुकट. या फुकटाचा हिशेब जून 2025मध्ये एफबीआयच्या इशाऱ्यात आला. जुलैत गूगलनं ‘बॅडबॉक्स 2.0’ नावाचं व्हायरसचं जाळं चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. या जाळ्यात अशी एक कोटीहून जास्त अप्रमाणित अँड्रॉइड उपकरणं अडकली होती, आणि कित्येकांत व्हायरस विक्रीआधीच भरलेला होता. ‘आम्ही फक्त यूट्यूब बघतो’ म्हणून सुटका नाही. टीव्ही बंद असला तरी बॉक्स चालू असतो, त्याआडून परके लोक आपले उद्योग करतात आणि पत्ता सापडतो तो गिऱ्हाइकाच्या इंटरनेटचा. लोकांकडून पैसे घेऊन त्यांच्याच घरात चोर बसवायचा, याला धंदा म्हणत नाहीत, हरामखोरी म्हणतात.

तरी गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते मूर्ख म्हणून नव्हे. प्राइम व्हिडिओनं 17 जून 2025पासून भारतात वर्गणी भरणाऱ्यांनाच जाहिराती दाखवायला सुरुवात केली. नको असतील तर वरून आणखी पैसे. नामवंत बॉक्स लावला तरी पहिल्या पडद्यावर मोठी जागा जाहिरातीचीच. प्रतिष्ठितांनी असं पिळल्यावर माणूस फुकटाच्या दारात जाणारच, आणि त्या दारात नेमके आपण उभे असता. यात सगळा दोष आपल्याच माथी मारणं मलाही जड जातं.

वाचकहो, अँड्रॉइडचा बॉक्स घेणार असाल तर एवढं करा. अँड्रॉइड टीव्हीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी आहे. तिच्यात बॉक्सवरचं नाव नसेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.