तीन शिट्ट्यांचा व्यायाम

माझा उजवा गुडघा बोलतो, हे आमच्या घरात सगळ्यांत आधी मांजराला कळलं. पहाटे पाणी प्यायला उठलो की तो असा काही कुरकुरायचा, की ओट्याखाली झोपलेलं मांजर कान टवकारून उंदीर शोधायला लागायचं. हिनं आठवडाभर स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल घातलं. दार गप्प झालं. मी नाही.

शेवटी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि साडीवरचा डाग बघावा तसा बराच वेळ बघितला. “हाडांमधली गादी झिजलीय. ऑस्टिओआर्थ्रायटिस. व्यायाम करा.” मी म्हटलं, “दुखतो म्हणून तर व्यायाम करत नाही.” ते म्हणाले, “करत नाही म्हणून तर जास्त दुखतो.” या वाक्याची फी वेगळी होती.

घरी भाचा आलेला होता. तो जिममध्ये जातो, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या शरीरांबद्दल मतं आहेत. “मामा, हिट करा. हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग!” एवढ्या लांबलचक नावात मला ओळखीचा शब्द एकच, इंटरव्हल. आता माझ्या वयाच्या पुणेकराला इंटरव्हल म्हणजे बालगंधर्व रंगमंदिरातलं मध्यंतर, मध्यंतर म्हणजे बटाटेवडा, आणि नाटक म्हणजे वड्याच्या आधी आणि नंतर जे काही चालतं ते. ज्या व्यायामाच्या नावातच मध्यंतर आहे, तो आपल्या प्रकृतीला मानवणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

भाच्यानं आणखी माहिती पुरवली. इझुमी ताबाता नावाच्या जपानी संशोधकानं १९९६ साली एक पद्धत अभ्यासून छापली. ती मुळात तिकडच्या स्पीड स्केटिंग संघाच्या सरावातली. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, असं आठ वेळा. चार मिनिटांत खेळ खलास. चार मिनिटं! आमच्याकडे चहाला उकळी यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. जीव कशावर तोडायचा, हे विचारायचं मात्र माझ्या उत्साहात राहून गेलं.

मी तो पर्वतीवर तोडायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नवे बूट, जुनी टोपी आणि मुलानं दिलेलं हातातलं घड्याळ अशा थाटात मी १०३ पायऱ्यांच्या तळाशी उभा राहिलो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली वर देऊळ बांधलं, तेव्हा खाली कुणाचे गुडघे येणार आहेत याची त्यांना कल्पना नसावी. पहिली २० सेकंदं मी अक्षरशः धावलो. दुसऱ्या फेरीत धावण्याचं चालणं झालं, तिसरीत चालण्याचं कण्हणं झालं, आणि चौथ्या विश्रांतीचे १० सेकंद मी एका कठड्याला धरून, खाली दिसणाऱ्या शहराचं कौतुक करतोय असं भासवत जवळजवळ बारा मिनिटं पुरवले. तेवढ्यात माझ्या आईच्या वयाच्या एक नऊवारीतल्या आजी हातात फुलांची परडी घेऊन, शेजारणीला सुनेबद्दल सविस्तर सांगत, एकदाही न थांबता माझ्या शेजारून वर गेल्या. सुनेची बाजू त्यांनी शेवटपर्यंत मांडली नाही. श्वास भरपूर होता.

तरीही मी वर पोचलो. खरं नाटक उतरताना झालं. चढताना देह उचलायचा असतो, उतरताना प्रत्येक पायरीला अख्ख्या देहाला मांडीच्या स्नायूंनी ब्रेक लावायचा असतो, आणि माझे ब्रेक निवृत्तीच्याही आधी निवृत्त झालेले. सरळ उतरलो तर गुडघा ओरडे, तिरपा उतरलो तर कंबर. मग मी पायऱ्यांकडे तोंड करून, शिडीवरून उतरतात तसा, उलटा उतरू लागलो. वर जाणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून मला नमस्कार केला. त्यांना तो नवस वाटला.

तीन दिवस गुडघ्याचा पाव झाला होता, टम्म आणि गरम. चौथ्या दिवशी हिनं मला फिजिओकडे नेलं, भाचाही सोबत होता. मुलगी असेल सत्तावीस-अठ्ठावीसची, पण बोलणं आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखं. “काका, ताबातांनी तो प्रयोग जागच्या जागी असणाऱ्या सायकलवर केला होता. पर्वतीवर नाही.” मी भाच्याकडे बघितलं. भाचा फोनकडे.

तिनं शांतपणे समजावलं. गुडघ्यातल्या गादीत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातूनच तिचं पोट भरतं. दाब पडला-सुटला, की भिजलेल्या स्पंजासारखी ती जुनं पाणी सोडते आणि नवं शोषते. म्हणून बसून राहिलं तर उपाशी आणि उड्या मारल्या तर बेजार. मांड्यांचे स्नायू भक्कम झाले की धक्के तेच झेलतात. शिवाय अंगावरचं एक किलो उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. मी मनातल्या मनात बटाटेवड्यांना चारनं गुणलं आणि गप्प बसलो.

“हिट करायचं, पण जोर श्वासाला लावायचा, सांध्याला नाही,” ती म्हणाली. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गुडघे झिजलेल्या २७ जणांना आठ आठवडे घरीच सायकल मारायला लावली होती. काहींना एका लयीत, काहींना जोरात-सावकाश अशा हप्त्यांनी. बरं दोघांनाही वाटलं, पण खुर्चीतून उठून चालून परत येऊन बसण्यात हप्तेवाले जास्त सुधारले. “शेवटपर्यंत मात्र १७ जणच टिकले,” ती माझ्याकडे रोखून म्हणाली. उरलेल्या दहांविषयी मला एकदम बंधुभाव वाटला.

सायकल आमच्याकडे होती. गॅलरीत. मुलानं आणलेली आणि गेली सहा वर्षं पंचे, गोधड्या आणि पावसाळ्यात पापडाचा डबा सांभाळणारी. ती मोकळी केली. सीट कंबरेपर्यंत उचलली, कारण खाली असली की गुडघा जास्त दुमडतो. पहिल्याच दिवशी लेंग्याची नाडी पेडलच्या दांड्याला गुंडाळली गेली आणि पुढचा व्यायाम मी एका हातानं लेंगा धरून केला. दम मात्र लागला.

नियम सोपा होता: पाच मिनिटं हलकं, मग अर्धं मिनिट असं जोरात की बोलताना वाक्य तुटावं, मग सावकाश. प्रश्न वेळ मोजायचा. घड्याळाकडे बघितलं की मी पेडल विसरे, पेडलकडे बघितलं की घड्याळ. शेवटी उपाय हिनंच काढला. गॅलरीला लागून स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी झाली की तीस आकडे मोजेपर्यंत जोरात, मग पुढच्या शिट्टीपर्यंत सावकाश. वरणभाताच्या तीन शिट्ट्या. आठवडा फार सुखात गेला. डावा पाय, उजवा पाय, वरण, भात.

रविवारी मात्र शिट्ट्या थांबेचनात. चौथी झाली, पाचवी झाली, सातव्या शिट्टीला मी घामानं निथळत, वाक्य सोडा, शब्दही तुटत असताना ओरडलो, “अगं... गॅस...!” आतून उत्तर आलं, “मारा अजून थोडं, कच्चे आहेत!”

छोले होते.

दोन महिन्यांनी बालगंधर्वला गेलो. मध्यंतर झालं आणि खुर्चीच्या हातांना न धरता, सरळ, एका दमात उठलो. कुरकुर झाली, पण ती खुर्चीची. वड्याच्या रांगेत पाचवा नंबर लागला. एरवी मी पोचेपर्यंत नुसती चटणी उरत असे. दोन प्लेट मागितल्या, तेव्हा ही हळूच म्हणाली, “अहो, एकच घ्या. दुसरी चौपट होऊन गुडघ्यावर पडेल.” एकच घेतली.

परत येऊन बसलो. दिवे मंद झाले, घंटा वाजली, आणि माझे दोन्ही पाय अंधारात पुढच्या खुर्चीवर आपोआप पेडल मारायला लागले. पुढचे गृहस्थ सावकाश मागे वळले.

मी तीस मोजून थांबलो.