नानांच्या वेलाला दिवस गेले

सकाळी सहाला आमच्या चलथाणच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवेल गुंडाळलेला एक माणूस वेलावर वाकून फुलाशी कुजबुजताना दिसला, तर घाबरू नये. ते नाना. खानदेशातून ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने आलेले, कडोदऱ्याकडच्या मिलमध्ये उभी हयात रंगखात्यात काढलेले. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, नाना डांगराला लागले. भोपळा म्हटलेलं त्यांना खपत नाही. भोपळा परीक्षेत मिळतो, म्हणे.

परागीकरण तसं दोन मिनिटांचं काम. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, आतली पिवळी दांडी मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायची. मादीची खूण सोपी, फुलाखाली सुपारीएवढं डांगर आधीच येऊन बसलेलं असतं. ऊन चढलं की फूल मिटतं, म्हणून पहाटेची घाई. इथवर कोणीही करील. नाना खरे सुरू होतात ते यानंतर.

आधी फुलाचं तोंड बांधायचं, परका पराग आत शिरायला नको. त्याला धागा लागतो जरीचा. काकू घरी साड्यांना लेस-टिकल्या लावतात. त्यांच्या रिळातला धागा रोज वीतभर कमी होतो आणि काकू रोज उंदराला शिव्या देतात. मग पाणी. तांब्याने, बुडाशी, फुलावर थेंबही उडता कामा नये. उरलेली नर फुलं काकू बेसनात बुडवून तळतात. नाना तेवढ्यापुरते तटस्थ.

सगळ्यात कडक नियम बोटाचा. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते झडतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. पोरं गच्चीवर आली की नाना ओरडतात, "बोट नका दखाडू रे!" परिणामी आमच्या सोसायटीत सगळे हनुवटीने दाखवतात, पाण्याच्या टाकीपासून पाहुण्यापर्यंत.

तरी परवा एक फळ पिवळं पडून गळलंच. मी म्हटलं, "नाना, पराग कमी पडला असेल, नाहीतर पावसाने भिजला असेल. फळ धरलं नाही की तीन-चार दिवसांत असं गळतंच." नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते राहू द्या. मंगळवारी तुमचं बोट कुठं होतं?"

धरलेल्या एका डांगराला मात्र फळमाशी डंख मारू नये म्हणून जॉर्जेटचा झिरझिरीत झगा मिळाला. खाली वाळकं गवत, त्याखाली फरशीचा तुकडा. शेजारचे गुजराती काका रोज विचारत, "नाना, कोळुं क्यारे आपवाना?"

दोन महिने झाले. देठ वाळला, सालीत नख रुतेना. काकूंनी मसाला वाटून ठेवला. पण गेले तीन दिवस घरातला विळा सापडत नाहीये. काल रात्री नानांनी आमची कडी वाजवली. कडेवर डांगर, अंगात झगा तसाच.

"तुमच्या कपाटावर जागा आहे का हो थोडी?"