पुसल्यावर उरतं ते

पाहुणे येतात, चहा-पोहे होतात, आणि निघायच्या बेतात असताना कुणीतरी म्हणतं, "तुझा लॅपटॉप जरा दे रे, पीएनआर बघायचाय." मागणी साधी, पण यजमानाचा चेहरा त्या क्षणी बघून घ्यावा. पाहुणा नुसतं 'पी' दाबतो आणि तेवढ्या एका अक्षरावर ब्राउझर पोटातलं सगळं ओठांवर आणतो. 'पोट कमी करण्याचे उपाय'. 'पित्तावर कोकम चालतं का'. 'पन्नाशीनंतर गिटार शिकता येते का'. पीएनआर त्याखाली कुठेतरी. पाहुणा सभ्य असतो, न वाचल्यासारखं करतो. गाडीत बसल्यावर मात्र बायकोला सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही: "हा गिटार शिकायची म्हणतोय!"

हिस्टरी पुसणारा माणूस म्हणजे काहीतरी भानगडीतला, असा एक समज आहे. गुन्हेगारी मालिकांतला इन्स्पेक्टर आल्या आल्या लॅपटॉप ताब्यात घेतो, तिथून तो पसरला असावा. माझा अनुभव वेगळा. 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी एकदा सोसायटीत ख्याती झाली की माणसाची सुटका नसते. प्रिंटर अडकला इथपासून माऊसचा सेल संपला इथपर्यंत सगळी प्रकरणं दारात येतात. त्या निमित्ताने बऱ्याच जणांची हिस्टरी डोळ्यांखालून गेली, आणि भानगड म्हणावी असं फारसं काही दिसलं नाही. लोक जे लपवायला धडपडतात ते बहुतेक वेळा अज्ञान असतं. हाताखाली पन्नास माणसं असलेला साहेब 'एक्सेलमध्ये बेरीज कशी करतात' हे रात्री साडेअकराला शोधतो. जिच्या पुरणपोळीसाठी होळीला वशिला लावावा लागतो ती बाई 'पुरण सैल झालं तर काय करावं' असं दर वर्षी विचारते. आणि फलकावरच्या शुद्धलेखनावरून कमिटीला धारेवर धरणारे गृहस्थ घरी जाऊन 'आशीर्वाद'मधला शी पहिला की दुसरा, याची खातरजमा करतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हे जाहीर व्हावं असंही कुणाला वाटणार नाही.

वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. एका रविवारी लॅपटॉप काखेत मारून खाली आले नाहीत, मलाच वर बोलावलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं की मामला नाजूक आहे.

"अरे, ते हिस्टरी का काय ते असतं ना, ते सगळं पुसून दे."

"सगळं?"

"सगळं. मुलगा येतोय पुढच्या आठवड्यात. आला की माझाच लॅपटॉप घेऊन बसतो."

कंट्रोल आणि एच दाबलं की हिस्टरीचं पान उघडतं. काकांनीच ते उघडून समोर सरकवलं, "बघ, केवढं साचलंय." साचलेलं वाचायला फार वेळ लागला नाही, कारण सगळं एकसारखं होतं. पहाटे पावणेसहाच्या आसपास: 'टोरांटो हवामान'. लगेच खाली: 'टोरांटोत आत्ता किती वाजले'. मग 'उणे १८ म्हणजे किती थंडी'. मग 'कॅनडात आयटीतल्या नोकऱ्या'. मधे एक सुडोकू, एकदा 'गुडघ्यासाठी तिळाचं तेल', आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हवामान. आपल्याकडे पावणेसहा म्हणजे तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. मुलगा कामावरून घरी निघायची वेळ. आणि हेच काका संध्याकाळी बाकावर बसून आम्हाला सांगणार, "मुलं गेली की गेली. आपण जीव टांगणीला लावून घ्यायचा नाही. मी तर फोनसुद्धा करत नाही."

"काका, यात पुसण्यासारखं काय आहे?"

"आहे. त्याला कळलं तर रोज फोन करत बसेल."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? कामं नाहीत का त्याला?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला चहा विचारलात का?" त्यासरशी काकांनी लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवर अर्धं मिटलं. म्हणजे मुलाच्या आधी काकूंपासून लपवायचं होतं. चहा येऊन गेल्यावर झाकण पुन्हा उघडलं.

कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबली की पुसण्याची खिडकी उघडते. क्रोम, एज, फायरफॉक्स, तिन्हीकडे हाच मंत्र चालतो. क्रोममध्ये ती आधी विचारते, कधीपासूनचं पुसू? गेला एक तास, गेले २४ तास, ७ दिवस, ४ आठवडे, आणि शेवटी 'ऑल टाइम'. यातला 'गेला एक तास' हा पर्याय ज्याने ठेवला त्याला मनुष्यस्वभावाची चांगली जाण असावी. माणूस असा कधीतरीच घसरतो, तासाभरात भानावर येतो, आणि बाकीचा दिवस निर्मळ असतो, असं त्या पर्यायात गृहीत धरलेलं आहे. काकांनी अर्थात 'ऑल टाइम'वर बोट ठेवलं. मी सांगितलं की क्रोम आपल्या यादीत ९० दिवसांपेक्षा जुनं ठेवतच नाही. ऐकून काकांच्या कपाळावर आठी पडली. "एवढंच? आम्ही लेजरं वर्षानुवर्षं सांभाळायचो." पुसायला आलेल्या माणसालाही आपलं पुरेसं जपलं गेलं नाही याचं वाईट वाटतं, हे मी तिथे पाहिलं.

त्याच खिडकीत कुकीजचाही चौकोन असतो. वेबसाइटला मुळात स्मरणशक्ती नव्हती. प्रत्येक क्लिकला आपण तिच्यासाठी नवखेच. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुणाने त्यावर तोड काढली: साइटने आपल्या ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला द्यायची, आणि पुढच्या वेळी ती बघून आपल्याला ओळखायचं. देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो, तसंच. कुकीज पुसल्या की बिल्ले हरवतात आणि सगळीकडे पुन्हा लॉगिन करत बसावं लागतं. काकांनी पुसल्या. मग पासवर्ड आठवेनात. ते काकूंच्या डायरीत, दुधाच्या हिशोबाशेजारी सापडले, म्हणजे काकूंना सांगावं लागलंच.

दोन दिवसांनी काका जिन्यात भेटले. आवाज खाली आणून म्हणाले, "तू पुसलंस ना? मग हे काय?" लॅपटॉप उघडला की टोरांटोच्या तिकिटांची जाहिरात, त्याच्याखाली बर्फात घालायचे बूट. आता त्यांना सांगणं भाग होतं की हिस्टरी दोन ठिकाणी असते. एक आपल्या यंत्रात. ती आपण पुसली. दुसरी गुगलच्या खात्यात, 'माय ॲक्टिव्हिटी' नावाच्या पानावर. तिला आपला हातही लागला नाही. २०२० नंतर उघडलेल्या खात्यांत १८ महिन्यांनी ती आपोआप पुसली जाते, जुन्या खात्यांत ती सोय आपणच चालू करायची. काकांचं खातं जुनं. "म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे?" "आहे." "मग हरकत नाही," काका म्हणाले, "ते काही आपल्या घरी येत नाहीत." गोपनीयतेवर पुष्कळ जाडजूड वाचलंय, पण सर्वसामान्य माणसाची भूमिका इतक्या थोडक्यात मांडलेली कुठे आढळली नाही.

हिस्टरी साठू न देणारी ब्राउझरची गुप्त, म्हणजे इनकॉग्निटो, खिडकी असते, तिच्यामागेही तोच हिशोब आहे. ॲपलच्या सफारीने ती २००५ मध्ये आणली, क्रोमने २००८ मध्ये. चिन्ह टोपी-चष्म्याचं, पण वेशांतर फक्त घरच्यांपुरतं. साइट, ऑफिस आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांना तुम्ही दिसू शकता, हे ती खिडकी उघडतानाच सांगते. आपण ते वाचत नाही. ज्यांनी 'गुप्त'चा अर्थ गुप्त असा घेतला त्यांनी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात गुगलवर खटला भरला. २०२४ मध्ये समझोत्याची कागदपत्रं न्यायालयात आली, तेव्हा गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं होतं.

घरोघरी लॅपटॉप यायच्या आधी ही पंचाईत वेगळी होती. तेव्हा सायबर कॅफे होते, आणि तिथे आपली नव्हे, आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाची हिस्टरी हाताला लागायची. खुर्ची अजून गरम, आणि पट्टीत त्याचं अर्धवट आयुष्य: बारावीचा निकाल, मग पुन्हा निकाल, मग पुन्हा (एकदा बघून विश्वास बसला नसणार), मग 'फेरतपासणी अर्ज'. किंवा स्थळांची साइट, आणि तिच्या पाठोपाठ सोन्याचा भाव. माणूस कोण ते कळायचं नाही, पण उठताना त्याचं बरं व्हावं असं वाटायचं. सरकारने एप्रिल २०११ मध्ये या कॅफेंसाठी नियम काढले. दोन कॉम्प्युटरमधला आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको. आडोसा नसेल तर स्क्रीनचं तोंड मोकळ्या जागेकडे हवं. आणि गिऱ्हाइकांनी काय काय पाहिलं याची नोंद मालकाने किमान एक वर्ष जपून ठेवायची. म्हणजे आपण उठताना घाईघाईने पुसत होतो ते सरकारी हुकमाने गल्ल्यामागे जमा होत होतं.

काकांचा मुलगा आला, ठरल्याप्रमाणे लॅपटॉप घेऊन बसला. पुढचं काकूंनी सांगितलेलं. ब्राउझर स्वच्छ, जाहिरातींकडे त्याचं लक्ष नाही. पण विंडोजच्या खालच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात हवामान दिसतं ना, तिथे ढग आणि उणे चार. पुण्यात बाहेर कडक ऊन. मुलाने विचारलं, "बाबा, हे टोरांटोचं इथे कुणी लावलं?" काका पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "कंपनीकडूनच तसं आलंय."

ब्राउझर साफ करून ती पट्टी साफ होत नाही. तिची जागा वेगळी बदलावी लागते. हे मला तेव्हा सुचलं असतं तरी मी काकांना सांगितलं नसतं.

ज्यांना पाहुण्यांची धास्ती आहे त्यांच्यासाठी मात्र एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. एखाद्याच ओळीचा त्रास होत असेल तर सगळं पुसत बसू नका, लॉगिनचा घोळ होतो. ती ओळ ॲड्रेस बारखाली उतरली की बाणाच्या बटणाने तिच्यावर जा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्हीत चालतं. गिटार जाईल, पीएनआर राहील.

आणि हो, हे सगळं काकांना वाचून दाखवूनच लिहिलंय. त्यांची अट एकच होती, शहराचं नाव बदलायचं. ते बदललेलं आहे.