रस्त्याला कुबड, मला कुबडी

माझी गाडी बसकी आहे, असं आजवर मला निदान सतरा जणांनी सांगितलंय. रस्ता फुगलाय, असं एकानंही नाही.

गाडी म्हणजे काय, तर तुमच्यासारखीच साधी गिअरलेस स्कूटर, फक्त मागं दोन्ही अंगांना एकेक जादा चाक. मूळचं मागचं चाक जागेवरच आहे, त्यामुळं मोजायला गेलं तर चाकं चार होतात, पण लोक तिला तिचाकीच म्हणतात आणि पोरं ‘ती रिक्षा’ म्हणतात. पोलिओनं मला १९७३ साली गाठलं, तेव्हापासून डाव्या पायाचं आणि माझं फारसं बोलणं नाही. त्याची कामं कुबडी बघते. गाडी चालवताना ती पायाशेजारी आडवी बांधलेली असते आणि सिग्नलला शेजारच्या पोरीच्या ओढणीत अडकते. ते प्रकरण वेगळं.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. सरकारी भाषेत गतिरोधक. मी एका रविवारी टेप घेऊन त्याची मापं काढली. उंची १७ सेंटीमीटर, रुंदी ५५. माझ्या गाडीचं पोट मोकळ्या अवस्थेत जमिनीपासून सोळा सेंटीमीटर वर असतं. मी बसलो, डिकीत भाजी आली आणि मागं पुतण्या चढला, की उरतात साडेबारा. पुढच्या आणि मागच्या चाकात अंतर सव्वा मीटर. आता पाचवीतल्या पोरानंही गणित सोडवावं. ५५ सेंटीमीटरचा उंचवटा दोन चाकांच्या मधल्या जागेत आख्खाच्या आख्खा मावतो. पुढचं चाक उतरलं, मागचं अजून चढायचंय, आणि मधल्या साडेबारा सेंटीमीटरमध्ये सतरा सेंटीमीटर डांबर शिरायला बघतंय. मग ‘खर्र’ आवाज येतो. कॉलनीतल्या लोकांना त्या आवाजावरून मी घरी आलो ते कळतं. बायको गॅसवर चहा टाकते.

पहिला सल्ला मिळाला तो गाडी वर उचलण्याचा. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री म्हणजे कोल्हापूरच्या हातांचा नमुना. लोखंड दाखवलं की त्यांना त्यात गाडी दिसते. म्हणाले, “सर, दोन इंच वर घेऊया की. ब्रॅकेट बदलतो, साइडच्या चाकांचं स्प्रिंग कडक करतो. सांच्याला घेऊन जावा.”

“आणि वळणावर काय होईल, मिस्त्री?”

“वळणावर…” त्यांनी तोंडातला मावा या गालातून त्या गालात नेला. “वळणावर तेवढं सबुरीनं घ्यायचं की ओ.”

इथं सगळी मेख आहे. दुचाकी वळताना आतल्या बाजूला झुकते, म्हणून पडत नाही. माझी झुकत नाही. तिला ताठ राहायची सवय लावलेली आहे. ती वळताना बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते, आणि वजन जितकं वर, तितकी तिला कलंडायची घाई. गाडी बसकी आहे म्हणून मी अजून हे सदर लिहितोय. म्हणजे माझ्यापुढं पर्याय दोन: खाली राहून रोज थोडंथोडं घासायचं, किंवा वर जाऊन एकदाच पडायचं. मी घासणं निवडलं. मध्यमवर्गीय माणूस दुसरं काय निवडणार?

दुसरा सल्ला, ब्रेकर तिरपा घ्या. हा सल्ला देणाऱ्यांचा एक संघच आहे. त्यात काही शास्त्र आहे, नाही असं नाही. तिरपं गेलं की तोच उंचवटा गाडीच्या लांबीला जास्त रुंद पडतो आणि चढ सौम्य होतो. पण हे दुचाकीवाल्यांचं शास्त्र. मी तिरपा गेलो की आधी एका अंगाचं चाक वर चढतं, दुसरं खालीच राहतं, आणि ज्या मधल्या चाकाला इंजिनाची ताकद मिळते ते अधांतरी लटकतं. शिवाय मी रस्त्याच्या मधोमध आडवा, मागून दुधाचा टेम्पो. बुद्धिबळात उंट तिरका चालतो, पण त्याच्यामागं टेम्पो नसतो.

तिसरा सल्ला, कडेनं काढा. प्रत्येक ब्रेकरच्या कडेला गटारापाशी फूट-दीड फुटाची फट असते. पाणी जावं म्हणून ठेवलेली. पाणी तिथून कधीच जात नाही, तुंबून राहतं. जातात त्या मोटारसायकली. महाराष्ट्रातल्या दुचाकीस्वारांची एक आख्खी पिढी या फटीतून घडली आहे. माझी गाडी मागून तीन फूट रुंद आहे. फटीत मी शिरलो तर एक चाक गटारात, एक ब्रेकरवर आणि कुबडी कुणाच्यातरी वडापावच्या गाड्यात.

दुचाकीला रस्त्यावर एक रेघ पुरते, मला तीन लागतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पुढच्या चाकानं खड्डा चुकवला की डाव्या चाकाला दुसरा असतोच. मागच्या चाकांना जोडणारी आडवी नळी ब्रेकरवर चाकांबरोबर वर चढते म्हणून वाचते, तर चेंबरची वर आलेली झाकणं तिची वाट बघत असतात. झाकण रस्त्याच्या पातळीत बसवणं ही कला आपल्याकडून कधी हरवली, कोण जाणे. एकतर ते विहिरीसारखं खोल किंवा तुळशीवृंदावनासारखं उंच.

आता कुणी म्हणेल, रस्त्यांना काही नियम नसतो का? असतो की. इंडियन रोड्स काँग्रेसचा असतो. काँग्रेस म्हटल्यावर दचकू नका, ही इंजिनिअरांची, १९३४ सालची. तिच्या जन्माला आपल्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या रस्ते-समितीचा अहवाल कारण झाला, हे एरवी छाती फुगवून सांगण्यासारखं. या काँग्रेसनं १९८८ साली गतिरोधकांवर एक पुस्तिकाच काढली. क्रमांक ९९. त्यात लिहिलं होतं, उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. नीट वाचा. तीन पूर्णांक सात मीटर. बारा फूट! आमच्या बाल्कनीपेक्षा रुंद. वर अलीकडं ४० मीटरवर सूचनेचा फलक हवा, अंगावर पांढरे-काळे पट्टे हवेत, आणि वाहन ताशी २५ किलोमीटरनं आरामात पार व्हावं.

मी पुन्हा गणित केलं. हा ब्रेकर म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. सव्वा मीटर अंतरावरची माझी दोन चाकं त्याच्यावर कुठंही ठेवा, मधला फुगवटा चाकांच्या रेषेच्या वर सव्वा सेंटीमीटरसुद्धा येत नाही. दहा सेंटीमीटर उंच ब्रेकर, आणि माझ्या गाडीच्या पोटाला त्यातला जेमतेम एक कळतो! हे उत्तर आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “मग?” आणि कूस बदलली. शासनाची प्रतिक्रियाही साधारण अशीच असते, फक्त ती येते तीन महिन्यांनी.

बारा फूट रुंद ब्रेकर मी माझ्या हयातीत आमच्या भागात पाहिलेला नाही. आमच्याकडचे ब्रेकर पुस्तिकेतून जन्माला येत नाहीत, भावनेतून येतात. कुणाच्या पोराला धक्का लागतो, रस्त्यावर दोन तास टायर जळतो, आणि संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतलं उरलेलं डांबर एका टेम्पोत घालून आणतात. रोलर नसतो. फावड्याची पाठ असते आणि चार जणांचे पाय असतात. शाळेसमोर एक, देवळासमोर एक, नेत्याच्या बंगल्यासमोर दोन. बंगल्यासमोरच्या दोनांवर मात्र पट्टे मारलेले असतात, आणि उंची इतकी बेतशीर की साहेबांची गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते. साहेबांच्या गाडीचं पोट आमच्यापेक्षा वर असतं, तरीही. बऱ्याच वर्षांपूर्वी याच साहेबांच्या हस्ते आम्हा काही जणांना मांडवात तीनचाकी सायकली वाटल्या होत्या. सायकल घेऊन बाहेर पडलो तर मांडवाच्या खांबांसाठी रस्त्यात पाडलेल्या खड्ड्यात पहिलीचं पुढचं चाक गेलं. फोटो आधीच काढून झाला होता.

रबरी तुकडे बोल्टांनी ठोकून केलेले ब्रेकर हा आणखी एक प्रकार. त्यांचं रबर वर्षभरात निघून जातं, बोल्ट अमर असतात.

कायद्याचं म्हणाल तर कायद्यानं आम्हाला फार सांभाळलंय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात माझ्या गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत. माझ्या लायसनवर तसंच छापलं होतं. एकदा नाक्यावर नव्या भरतीतल्या हवालदारानं ते हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाला, “काका, लायसन इनव्हॅलिड हाय. हितंच लिवलंय की.” मी कुबडी सोडवून उभा राहून दाखवलं, तेव्हा तो ओशाळला. “तुमी इनव्हॅलिड व्हय! मग जावा.” २०१९ च्या दुरुस्तीत तो शब्द जाऊन ‘अडॅप्टेड व्हेईकल’ आला, म्हणजे जुळवून घेतलेलं वाहन. शब्द अगदी नेमका आहे. कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं, हे त्यात स्पष्टच केलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजलेत. रस्त्याचं कुबड त्यात बसत नाही, नाहीतर त्यालाही दाखला मिळाला असता.

गेल्या श्रावणात व्हायचं ते झालं. पाऊस, मागं पुतण्या, पायाशी तांदळाचं दहा किलोचं पोतं. ब्रेकरवर पोट टेकलं आणि टेकलंच. साइडची चाकं अलीकडच्या खडीच्या ढिगावर, मधलं चाक त्यांच्यामधल्या खड्ड्यावर हवेत. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन कोकलायचं, चाक गरगरायचं, गाडी जागच्या जागी. उताणं पडलेलं कासव निदान पाय तरी हलवतं.

लगेच माणसं जमली. आपल्याकडं मदत कमी पडते असं कोण म्हणतं? एकानं सांगितलं रेस करा, दुसऱ्यानं सांगितलं रेस करू नका. तिसऱ्यानं गाडीखाली वाकून बघितलं आणि “लई खाली हाय ओ” असा निकाल दिला. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच. उंट डांबराचा, एवढाच फरक. शेवटी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी छत्री टाकून आल्या.

“उतरा की जरा, भाऊ. हलकी हुईल.”

“उतरता आलं असतं तर ही गाडी कशाला घेतली असती, मावशी?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कुबडीकडं बघितलं, आणि त्या तिन्ही शहाण्यांकडं असं बघितलं की तिघांनी आपोआप एकेक कोपरा धरला. पुतण्याला खाली उतरवलं. चौथा कोपरा मावशींनी. गाडी पलीकडं. त्या दिवसापासून मी कोथिंबिरीच्या भावात घासाघीस करत नाही.

मग मी अर्ज केला. गणितासकट, आकृतीसकट, पुस्तिकेच्या क्रमांकासकट. अडीच महिन्यांनी दोन माणसं टेप घेऊन आली. मला भरून आलं. चहा सांगितला. त्यांनी टेप उलगडला, गुडघ्यावर बसले आणि माझ्या गाडीच्या पोटाची उंची मोजली. ब्रेकरकडं पाठ होती. वहीत काहीतरी लिहिलं, आणि मोठा जाता जाता समजुतीनं म्हणाला, “पोलिओ आता बंद झालाय ना, सर?” झालाय. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही आलं. त्यांचा हिशेब माझ्या लक्षात आला. आमची जमात आणखी तीसेक वर्षांत संपेल आणि तक्रारी आपोआप निकाली निघतील. मी एवढंच म्हणालो की मिस्त्रींकडं हल्ली साइडच्या चाकांसाठी येणारी गिऱ्हाईकं पोलिओची नसतात. रात्री, पट्टे नसलेल्या ब्रेकरवरून उडून पडलेली असतात. भरती बंद नाही, फक्त खातं बदललंय. त्यांनी चहा संपवला.

अर्जानं काही झालं नाही, पाइपलाइननं झालं. नवी लाइन टाकायला रस्ता आडवा खणला, नेमका ब्रेकरवरच. बुजवताना कुणाची काय चूक झाली ठाऊक नाही, पण रस्ता सपाट झाला. एकोणीस दिवस मी घरी आलो ते कॉलनीत कुणाला कळलं नाही. बायको म्हणायची, अहो, हॉर्न तरी वाजवत जा, चहाचं कसं कळणार?

विसाव्या दिवशी सकाळी टेम्पो उभा. ताजं डांबर, फावडं, चार जणांचे पाय. मी गाडी थांबवली आणि विचारलं, आता काय झालं?

“काय सांगायचं सर, ब्रेकर नसल्यापासून लोक बेफाम सुटल्यात. कॉलनीनं सह्यांचा अर्ज दिलाय.”

“कोण सुटलंय? नाव तरी सांगा.”

पोरानं अर्जाची घडी उलगडून माझ्या हातात दिली. बावीस सह्या होत्या. वर लिहिलं होतं, एक तिचाकीवाले रोज संध्याकाळी फार वेगात येतात.