नोंदणीकृत ई-मेलवरूनच अर्ज करावा!

मा. व्यवस्थापक, ग्राहक समाधान विभाग,
आमच्या उस्मानपुऱ्यातली एक ब्रॉडबँड सेवा.



तुमच्या तत्परतेचं कौतुक करावं म्हणून हे पत्र. पावसाचे दोन थेंब पडले की नेट जायचं आणि तुमचा लाइनमन 'निघालोच' म्हणून परवा उगवायचा. जलवाहिनीसाठी रस्ता खोदला की आठवडा गेलाच. मोडेमचं डिपॉझिट अजून 'प्रोसेसमध्ये' आहे, त्याबद्दल बोलत नाही. पण कनेक्शन बंद करायचा अर्ज दिला आणि त्याच संध्याकाळी माझी ई-मेल बंद! इतका चपळ माणूस तुमच्याकडे कामाला आहे, हे इतकी वर्षं लपवून का ठेवलंत?

ई-मेल तुम्ही फुकट दिली होती, हे खरं. फॉर्म भरताना तुमचाच पोरगा म्हणाला होता, "काका, हीच द्या सगळीकडे, परमनंट आहे." दिली. बँकेत, विम्यात, म्युच्युअल फंडात, व्हिजिटिंग कार्डावर. आता तुमचा सर्व्हर प्रत्येक पत्र पाठवणाऱ्याला कळवतो, 'हा वापरकर्ता अस्तित्वात नाही.' एका जुन्या स्नेह्याने ते वाचून घाबऱ्याघाबऱ्या घरी फोन केला. माझा आवाज ऐकून त्याच्या जिवात जीव आला.

महिनाभर पेटी उघडी ठेवा, एवढंच सांगायला तुम्हाला फोन केला. "सर, तशी विनंती नोंदणीकृत ई-मेलवरून पाठवा." ताई, तीच तर बंद आहे. "हो सर, पण प्रोसेस तीच आहे." मग फंडवाल्यांकडे गेलो. ई-मेल बदलायचीय? अवश्य! जुन्या ई-मेलवर ओटीपी पाठवलाय, तेवढा टाका. पडद्यावर सेकंद उलटे पळतायत आणि ओटीपी तुमच्या दारावरून परत चाललाय. मी मीच आहे हे सांगायला साक्षीदार एकच, आणि तो तुम्ही कोंडून ठेवलेला! माझे पैसे, माझी सही, माझा चेहरा, सगळं माझ्याजवळ. पण तुमच्या सर्व्हरने मान डोलावल्याशिवाय त्यातलं काही माझं नाही.

मोबाइलवाल्यांनाही एकेकाळी असाच माज होता. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. 1900 वर एक मेसेज टाकला की काम सुरू. ई-मेलसाठी आपल्याकडे असा नियम नाही. फ्रान्समध्ये 2011 च्याच कायद्याने, ग्राहक सोडून गेला तरी सहा महिने त्याची पत्रं त्याला फुकट मिळू द्यावी लागतात. मी महिनाच मागत होतो.

टपाल खात्याकडे तरी बघा. 2023 साली आमच्या शहराचं नाव बदललं. तरी जुन्या नावाने आलेलं पत्र पोस्टमन घरपोच देतो, कारण पिनकोड तोच आहे. ही पिनकोडची व्यवस्था श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, 15 ऑगस्ट 1972 ची. बरोबर 23 वर्षांनी, 15 ऑगस्टलाच, विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. त्या निगमच्या नावाचे ई-मेल पत्ते लोकांनी ऐटीत कार्डांवर छापले. 2002 मध्ये निगम टाटांकडे गेलं, 2008 मध्ये कंपनीचं नावच बदललं. दुसऱ्याच्या पाटीखाली पत्ता मांडला की पाटीबरोबर तोही हलतो.

म्हणून मी आता माझ्या नावाचं डोमेन घेतलंय. नाव राखायला वर्षाकाठी हजाराच्या आतबाहेर खर्च. टपाल कुठल्या सर्व्हरवर उतरायचं ते एका नोंदीत लिहिलेलं असतं, एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. सर्व्हर बदलला की तेवढी नोंद बदलायची. पत्ता जागचा हलत नाही. हे तुमच्या त्या पोरग्याला ठाऊक नसेल. तुम्हाला होतं.

कारण तुमच्या पावतीच्या तळाशी, तक्रारीसाठी म्हणून दिलेला पत्ता मी भिंग लावून वाचला. तो जीमेलचा आहे! स्वतःच्या कंपनीचा पत्ता तुम्ही स्वतः वापरत नाही, आणि आम्हाला 'परमनंट' म्हणून विकता? लाज कशी वाटत नाही?

राग ओसरल्यावर तुमची कीवही येते. खांबाखांबावर बड्या कंपन्यांच्या वायरी लोंबतायत, त्या सिनेमे फुकट देतात आणि तुमची गिऱ्हाइकं रोज गळतायत. ई-मेलच्या भीतीने थांबणारा म्हातारा ग्राहक हाच तुमचा शेवटचा आधार असेल, तर दिवस खरंच वाईट आलेत. उद्या एखादी बडी कंपनी तुम्हाला गिळेल आणि ग्राहकांच्या उरल्यासुरल्या पेट्याही बंद करेल. तुमचा जीमेल मात्र चालू राहील.

त्याआधी एवढं करा: सोडून जाणाऱ्या प्रत्येकाची पेटी सहा महिने उघडी ठेवा. फोनवरच्या त्या ताईंना 'प्रोसेस'ऐवजी 'हो' म्हणायची परवानगी द्या. आणि माझं डिपॉझिट पाठवा.

कळावे,
आपल्या सर्व्हरच्या मते अस्तित्वात नसलेला
एक माजी ग्राहक