पैलवान जोशींची परवानगी

आमच्या लहानपणी मुलांना कुणी काही विचारत नसे. रविवारी सकाळी एरंडेल पाजायचं असलं की वडील हात धरत, काकू नाक दाबत आणि आजी चमचा रिकामा करत असे. देवी टोचणारा शाळेत आला की गुरुजी आधी वर्गाचं दार लावून घेत. केस कापणारे मामा घरी येत, डोकं दोन गुडघ्यांत पकडत आणि मशीन फिरवत. ते मशीन केस कापायचं कमी, उपटायचं जास्त. दंडावर देवीचे वण घेऊन आम्ही मोठे झालो, आणि जगात 'धरून ठेव रे त्याला' ही एकच वैद्यकीय पद्धत आहे ही समजूतही घेऊन मोठे झालो.

असल्या घरात कुत्रं आलं.

आणलं मुलीनं. रंकाळ्याच्या कठड्याखालून उचललेलं, पावसात भिजलेलं, अस्सल गावठी. पहिल्याच दिवशी ते पुढचे पाय फाकवून, मान खाली घालून आमच्या आईसमोर उभं राहिलं, म्हणून नाव पडलं पैलवान. पुढे मुलीला बंगळुरूत नोकरी लागली. ती गेली, पैलवान राहिला, आणि त्याच्याशी कसं वागायचं याच्या सूचना रोज रात्री फोनवरून येऊ लागल्या.

नावाचा खरा त्रास दवाखान्यात झाला. तिथं केसपेपरवर कुत्र्याच्या नावापुढे मालकाचं आडनाव लिहितात. "पैलवान जोशी!" असा पुकारा झाला की कोल्हापुरात माणसं सवयीनं मान वर करतात, आणि मान वर केल्यावर त्यांना मी दिसतो. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ साली उभं राहिलं, तेव्हापासून आजतागायत आमच्या घराण्यातला एकही पुरुष तांबड्या मातीत उतरलेला नाही. म्हशीच्या औषधासाठी आलेले एक पाटील माझ्या मनगटाकडे बराच वेळ बघून नुसतं "बरं" म्हणाले. खरा पैलवान तोवर बाकाखाली माझ्या चपलांवर तोंड ठेवून थरथरत असायचा.

त्या पहिल्या दवाखान्यातली पद्धत आमच्या संस्कारांना धरूनच होती. "मुंडी धरा काका, घट्ट!" असं म्हणून कंपाउंडर मागचे पाय पकडायचा, रिक्षावाला मदतीला यायचा. सुई टोचायला दोन सेकंद, त्याआधीची कुस्ती दहा मिनिटं. निकाल बहुधा बरोबरीत सुटायचा. मग पैलवाननं अभ्यास वाढवला. आधी तो दवाखान्याची पायरी ओळखायचा, पुढे रिक्षा त्या गल्लीत वळली की ओळखू लागला, मग लसींची फाइल कपाटातून निघाली की. शेवटी 'डॉक्टर' हा शब्द. आम्ही घरात 'वैद्यबुवा' म्हणायला लागलो, आठवड्याभरात तोही त्यानं पाठ केला. आईच्या गुडघ्यांबद्दल कुणी फोनवर चौकशी केली तरी तो पलंगाखाली जाऊ लागला.

"बाबा, दवाखाना बदल," मुलीनं निकाल दिला. "आणि धरणं बंद."

नव्या डॉक्टर वयानं मुलीएवढ्याच. मुंबईत परळला १८८६ पासून चालू असलेल्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकून आलेल्या. पहिल्या भेटीत त्यांनी काहीही केलं नाही. आत एक मांजर पिंजऱ्यातून फिस्कारत होतं म्हणून त्या स्वतःच बाहेर आल्या, पैलवानकडे न बघता तिरक्या होऊन फरशीवर बसल्या आणि माझ्याशी पावसाबद्दल बोलत राहिल्या. मी सवयीनं मुंडी धरायला वाकलो. "काका, तुम्ही काही धरू नका," त्या म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच मला दवाखान्यात हात कुठे ठेवायचे ते कळेना.

पैलवाननं तेवढ्यात एक लांबलचक जांभई दिली. मी कौतुकानं म्हटलं, "बघा, रमला. झोप यायला लागली."

"ती झोपेची नाही. घाबरलाय तो."

मग त्यांनी मला एकेक दाखवलं. समोर खायला नसताना ओठ चाटणं. मान न वळवता डोळे इतके फिरवणं की कडेचं पांढरं दिसावं. अंग ओलं नसताना अंग झाडणं. भराभर केस गळणं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांतून, म्हणून घाबरलेलं कुत्रं स्टीलच्या टेबलावरून उतरलं की मागं पावलांचे ओले ठसे राहतात. गुरगुरणं आणि चावणं हे या सगळ्या अर्जांची दखल न घेतल्यावर येतं. ऐकताना मला आमच्या बँकेतले ऑडिटचे दिवस आठवले. तिथंही जांभया आणि ओले तळहात मी पाहिले होते. चावलं मात्र कुणी नाही, पेन्शनचा प्रश्न होता.

स्टीलचं टेबल हाही गुन्हेगारच. पाय घसरले की धीर सुटतो, आणि धीर सुटलेल्या कुत्र्याला चार माणसांनी धरलं की त्याची खात्रीच पटते. "त्याची सतरंजी घरून आणा, मी खाली बसूनच तपासते," असं डॉक्टर म्हणाल्या. त्यामुळे हल्ली आम्ही सतरंजी, डबा आणि पाण्याचं भांडं घेऊन निघतो. शेजारचे काका गॅलरीतून विचारतात, "काय, वाडीला निघालाय काय दर्शनाला?"

यापुढचा गृहपाठ ऐकून तर रिक्षावाल्याचीच खात्री पटली की जोशीकाकांना रिटायरमेंट मानवलेली नाही. गृहपाठ असा की काहीही झालेलं नसताना दवाखान्यात जायचं, दारात खाऊ द्यायचा आणि परत यायचं.

"काय झालंय त्याला?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग कशाला आलाय?"

"खायला."

तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो मीटर जरा आदरानं पाडतो.

वास्तविक यात नवं काही नाही. रशियाच्या पाव्हलॉव्ह साहेबांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामाबद्दल, पण नाव राहिलं ते कुत्र्यांच्या लाळेमुळे. अमुक झालं की तमुक येतं हे कुत्रं न शिकवता शिकतं. फाइल दिसली की सुई येते, हे पैलवान माझ्याकडूनच शिकला होता. उलटा रस्ता मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ साली प्रसिद्ध केला. पीटर नावाचं एक पोर सशाला घाबरायचं. ते आवडीचं खात बसलेलं असताना बाई ससा लांबून दाखवत, पोराची तक्रार नसेल तर थोडा जवळ आणत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. सशाला त्या प्रकरणात कुणी विचारलं होतं की नाही, हे माझ्या वाचनात आलेलं नाही.

आमची गाडी अडली ती खाऊवर. घरी पनीरचा तुकडा दाखवला तर पैलवान सत्यनारायणालासुद्धा उठून उभा राहतो. दवाखान्याच्या दारात त्यानं त्याच पनीरकडे ढुंकून पाहिलं नाही. फार घाबरलेलं कुत्रं खात नाही. ते खाणं नाकारतंय म्हणजे आपण फार जवळ गेलोय, मागं व्हायचं. डॉक्टर म्हणाल्या, रस्त्याच्या पलीकडून सुरुवात करा आणि खाऊ जरा वरच्या दर्जाचा आणा.

"म्हणजे?"

"उकडलेली कलेजी."

ही बातमी घरात कशी सांगायची, यावर मी आणि बायको रात्री उशिरापर्यंत दबक्या आवाजात बोलत होतो. सकाळी मटणाच्या दुकानासमोर मी टोपी पुढं ओढून उभा राहिलो, तरी दुकानदारानं हाक मारलीच. "काय ओ जोशीकाका, वाट चुकला काय?" मी म्हटलं, कुत्र्यासाठी. तो डोळा मारून म्हणाला, "सगळे तसंच म्हणत्यात." जुनी कढई आणि एक जादा स्टोव्ह यांची सोय परसात, नळाच्या पलीकडे झाली. आईला वास लागलाच. मी नामदेवांचा आधार घेतला. कुत्रं पोळी घेऊन पळालं तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले होते, मग आपण एवढं करायला नको का?

"नामदेवांनी तूप नेलं होतं," आई म्हणाली. "कलेजी नव्हे."

तरी तिनं स्टोव्ह फेकला नाही, आणि कलेजीनं आपलं काम केलं. काही आठवड्यांनी पैलवान रस्ता ओलांडून दाराशी आला, मग आतल्या वजनकाट्यावर स्वतःहून चढला. तोही वजनासाठी नव्हे, पण वजन झालं.

मग आला डबा. इंग्लंडमधले चिराग पटेल म्हणून एक प्राणी-प्रशिक्षक आहेत, त्यांनी बसवलेला खेळ आहे हा. खाऊनं भरलेलं भांडं समोर ठेवायचं. कुत्रं त्याच्याकडे बघतंय तोवर आपण कानाला, पंजाला हात लावायचा आणि मधूनमधून खाऊ द्यायचा. कुत्र्यानं नजर वळवली की तत्काळ हात काढून घ्यायचा. नजर डब्यावर म्हणजे 'चालू द्या', नजर वळली म्हणजे 'थांबा'. आम्ही पेढ्यांचा रिकामा डबा घेतला. आई सोफ्यावरून बघत होती. मी पंजाला हात लावला, पैलवाननं खिडकीकडे पाहिलं, मी हात काढला. त्यानं डब्याकडे पाहिलं, मी हात लावला. त्यानं पुन्हा खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ तो नुसता मला चालू-बंद करत बसला.

"तुझं नाक दाबून एरंडेल घातलं तेव्हा तू कुठल्या खिडकीकडे बघितलंस रे?" आई म्हणाली.

नखं हा मात्र अवघड विषय. कुत्र्याच्या नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. नख पांढरं असेल तर गुलाबी रेष दिसते, काळं असेल तर काहीच दिसत नाही, आणि पैलवानची सगळी काळी. एकदा कातरीखाली रेष सापडली की पुढे कातरी दिसल्यावर कुत्रं सापडत नाही. डॉक्टरांनी उपाय सांगितला, कातरी विसरा, फळीला पॉलिश पेपर चिकटवा आणि त्यालाच घासू द्या. हार्डवेअरवाल्यानं विचारलं, "कुठलं फर्निचर करताय?" मी म्हटलं, "कुत्र्याचे पाय." त्यानं गंभीरपणे बारीक नंबरचा कागद काढून दिला. आता फळी तिरकी धरली की पैलवान पुढच्या पायांनी खरडतो, खरडलं की कलेजी. मॅनिक्युअर स्वतःच्या हातानं. मागच्या पायांची नखं अजून त्याच्या तत्त्वात बसलेली नाहीत, ती दवाखान्यात कानस लावून होतात, एका वेळी दोन, तीही डब्याची परवानगी असेल तर.

आंघोळीचं फार सांगण्यासारखं नाही. न्हाणीघरात रबरी मॅट टाकली, डोक्यावर तांब्या ओतणं बंद केलं, आणि भिंतीला शेंगदाण्याचं बटर फासलं. तो ते चाटतो तोवर आपण अंग धुवायचं. शेंगदाण्याच्या बटरच्या डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना एवढं आधी वाचायचं, ते कुत्र्यांना विषारी असतं. बायको आता स्वतःसाठी बटर घेतानाही डबा उलटा करून वाचते.

शेजारच्या काकांचा या सगळ्यावर साधा तोडगा होता. त्यांची झोपेची अर्धी गोळी. डॉक्टरांनी ते ऐकून पेन खाली ठेवलं. कुत्र्यांना भेटीआधी घरी द्यायची भीती उतरवणारी औषधं असतात, पण ती डॉक्टर वजन बघून लिहून देतात. काही औषधांनी तर नुसतं अंग लुळं पडतं आणि भीती आत तशीच जागी राहते. आमच्या पैलवानला त्यांनी गोळी लिहिली नाही, मुसकं घालायला शिकवा म्हणाल्या, वेळप्रसंगी असावं म्हणून. आतून कलेजी लावलेल्या मुसक्यात तो आता स्वतःच तोंड घालतो आणि काढायला नको म्हणतो.

लसीच्या दिवशी सतरंजी पसरली, डबा ठेवला. डॉक्टरांनी मानेची कातडी हलकेच चिमटीत धरली, सुई जवळ नेली, आणि पैलवाननं दाराकडे पाहिलं. सुई हवेत थांबली. मागं रांग होती. तेच पाटील दारात होते. "कशाला थांबलंय?" त्यांनी विचारलं.

"परवानगीसाठी," मी म्हणालो.

"माझ्या म्हशीला कुणी विचारत नाही ओ." पाटील थोडा वेळ गप्प राहिले. "आणि मलाबी."

पैलवाननं डब्याकडे पाहिलं. टोचून झालं तेव्हा तो कलेजीच्या दुसऱ्या तुकड्यावर होता. कान मात्र त्या दिवशी राहिले, कानांना त्यानं साफ नकार दिला. डॉक्टर म्हणाल्या, राहू देत, आज अडलेलं नाही. रक्त वाहत असेल तर कुणी डबा मांडून बसत नाही, तेव्हा धरावंच लागतं. पण रोजच्या दहांतल्या नऊ गोष्टी आठवडाभर थांबू शकतात, असं त्यांचं मत.

परवा आईचं रक्त न्यायला लॅबचा मुलगा घरी आला होता. आई खुर्चीत बसली, पैलवान तिच्या पायाशी. मुलानं दंडाला पट्टा बांधला, सुई काढली. आईनं मान फिरवून खिडकीकडे पाहिलं.

"आजी, हात सैल सोडा. टोचू का?"

"दिसत नाही का? मी तिकडे बघतेय."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबा जरा. त्या परत डब्याकडे बघतील."

"कुठल्या डब्याकडे?"

आईनं बोटानं फ्रिजवरचा पेढ्यांचा डबा दाखवला. हा भरलेला होता.

"आजी, साखर तपासायची आहे. उपाशीपोटीची."

"मग आधी टोचायला कशाला आलास?" आई म्हणाली. "नुसता येऊन जायचास एकदोनदा."