शेवाळखात्यातली भरती

टाकीच्या काचेवर शेवाळ धरलं की आमच्या घरातली माणसं एकदम सभ्य होतात. थेट कुणी काही बोलत नाही. बायको नुसतं विचारते, "आत मासे आहेत ना अजून?"

शेवाळ कशामुळे आलं ते मला ठाऊक होतं, पण कबूल करण्यासारखं नव्हतं. टाकीला सहा-सात तास दिवा पुरतो. माझा बारा-बारा तास जळायचा, कारण दार उघडलं की समोर टाकीच दिसते, आणि येणाऱ्याने ती बघून 'वा!' म्हणावं एवढीच माझी माफक अपेक्षा असते. यात कुरिअरवालाही धरलेला आहे. तेव्हा दिवा कमी करण्याऐवजी मी शेवाळ खाणारा मासा ठेवायचं ठरवलं. आपला पसारा आवरायला माणूस ठेवायची आमची जुनीच खोड; या वेळी मासा, इतकंच.

दुकानातल्या पोराने "सकर न्या काका, टाकी चकाचक" म्हणत काचेला तोंड लावून बसलेला दोन इंची काळपट जीव पिशवीत घातला. दोन महिने त्याने इमानाने काम केलं. मग तो वाढायला लागला, आणि वाढतच राहिला. हा मासा फूट-दीड फूट होतो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. शेजारचे काका म्हणाले, "नदीत सोडा, पुण्य लागेल." हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अशाच पुण्यवान लोकांनी सोडल्यामुळे तो आपल्या तळ्यांत माजलाय. शेवटी दुकानदारानेच तो परत घेतला. फुकट, आणि वर उपकार केल्यासारखा. पुढच्या रविवारी बघतो तर स्वारी दर्शनी टाकीत, खाली किमतीची चिठ्ठी. त्या किमतीत माझी अख्खी टाकी आली असती. त्याने मला ओळखही दाखवली नाही.

मग मी अभ्यास केला. दुकानात जाऊन पोराला सुनावलं, "सयामी शेवाळखाऊची काळी पट्टी पार शेपटीच्या टोकापर्यंत जाते. तू दाखवतोयस तो चायनीज. मोठा झाला की शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो." पोराने दोन्ही हात जोडले. तो आदर नव्हता.

इथे कर्नल साईक्सचा विषय काढायलाच हवा. घरी बंदी आहे, म्हणून इथे. विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. 1820च्या दशकात तो दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरला आणि 1839 साली त्याने इथल्या माशांची वर्णनं छापली. त्याला सापडलेल्यांपैकी एक म्हणजे आपला मल्या. हनुवटीखाली चकती असलेला, घाटातल्या ओढ्यात खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा. त्याचं शास्त्रीय नाव काय, तर गारा मुल्या! खुद्री, कोलुस ही दुसऱ्या माशांची नावंही साईक्सनेच दिलेली. कुठल्याशा नदीकाठी एखाद्या भोयाने "हा मल्या, सायेब" म्हटलं असेल, आणि ते आजतागायत जगभरच्या ग्रंथांत लॅटिन होऊन बसलंय. असा घरचा शेवाळखाऊ असताना परदेशी कशाला, हे व्याख्यान मी बायकोला दिलं, साडूला दिलं, आणि दातांच्या डॉक्टरांना देत असताना त्यांनी माझ्या तोंडात यंत्र घातलं. बायकोने शांतपणे विचारलं, "त्याला खळखळतं पाणी लागतं म्हणतोस ना? मग शॉवरखाली ठेवणारेस का?"

साईक्स प्रकरण तिथे मिटलं.

शेवटी ओटो नावाचे पाच शेवाळखाऊ मासे आणले. जेमतेम दीड इंचाचे, अंगावर एक काळी रेघ, पानाच्या पाठीला चिकटले तर शोधावे लागतील असे. गरीब मासे, कुणाच्या वाटेला जात नाहीत. ते शनिवारी यायचे होते आणि रविवारी पाहुणे. म्हणून शुक्रवारी रात्री बसून मी सगळी काच स्वतः घासली. पाहुणे 'वा!' म्हणाले. ओटोंना मात्र खायला घरात काही नव्हतं.

हे मासे बहुतेक नदीतून पकडूनच आणतात, आणि प्रवासभर उपाशी असतात. त्यांची भूक काचेतून दिसते. भरलेलं पोट गोल असतं, उपाशी पोटाला खळगी पडते. आठवड्यात दोन गेले. तिसरा एका सकाळी फिल्टरच्या जाळीला चिकटलेला दिसला. तो काम करतोय असं समजून मी चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ कौतुकाने बघत होतो.

दुकानात फोन केला. "टेन्शन नका घेऊ काका, दुसरे देतो." दुसरे! जसं काही माझं बॉलपेन हरवलं होतं. मी काहीतरी लागेल असं बोललो. फोन ठेवल्यावर कळलं की त्यातलं निम्मं मला स्वतःलाच बोलायचं होतं. काच त्याने नव्हती घासली.

उरलेल्या दोघांसाठी आता मी काकडीच्या चकत्या उकडतो आणि काटाचमच्याला टोचून तळाशी सोडतो. गॅलरीत चार बरण्यांत पाणी आणि दगड घालून उन्हात ठेवलेत. दगडांवर हिरवा थर धरला की एकेक दगड टाकीत. शेवाळ घालवायला मासे आणले आणि त्या माशांसाठी शेवाळ पिकवतोय, हे मी पाहुण्यांना सांगत नाही. बायको सांगते.

परवा कामाच्या मावशींनी चारही बरण्या, दगडांसकट, घासून लख्ख केल्या आणि पालथ्या घातल्या. "काय ते शेवाळ दादा, शी!" महिनाभराचं पीक गेलं. मी काही बोललो नाही. मावशींचं खरंच होतं.

त्या रात्री टाकीचा दिवा बारा वाजेपर्यंत चालू ठेवला. ओटोंसाठी. एवढ्या रात्री कुरिअरवाला येत नाही.